मालाडच्या भिंतीवर एका जर्मन माणसाचं नाव लिहा, पण पुरतं लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, मुंबई वारसा संवर्धन समिती
तसेच सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : मालाड (पश्चिम) येथील बॉम्बे टॉकीजच्या जागेवर स्मृतिफलक लावणे आणि त्यावर दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांची नोंद करणेबाबत.

महोदय / महोदया,

माझे वडील मालाडला एका लेथच्या गाळ्यात टर्नर होते. सकाळी डबा उचलला की आईला सांगायचे, "टॉकीजला चाललो गं." पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की बाबा रोज सिनेमा बघायला जातात आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. वर्गात मी ही बढाई मारलीसुद्धा. मग एकदा ते डबा घरीच विसरले आणि आईने मला पिटाळलं. पत्र्याची शेड, लोखंडाच्या किसाचा ढीग, मागे एक भलीमोठी उंच भिंत आणि तिच्या फटीतून फुटलेला पिंपळ. पडदा कुठंय, असं मी विचारलं. बाबा तेलकट हात पुसत म्हणाले, "इथे सिनेमा दाखवत नव्हते रे, बनवत होते."

तो पत्ता म्हणजे बॉम्बे टॉकीज कंपाउंड. सोमवार बाजारच्या बाजूने आत शिरलं की आजही लहान-मोठे गाळे, हातगाड्या, रिक्षांची दाटी आणि त्यातून डोकं वर काढणारे जुन्या बांधकामाचे अवशेष दिसतात. १९३४ साली हिमांशू राय आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री देविका राणी, यांनी इथे स्टुडिओ उभा केला. भागभांडवल जमवून रीतसर लिमिटेड कंपनी काढली, स्वतःची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रणाची सोय, पगारी नोकर, सगळं एका आवारात. वीस वर्षांच्या आत कारभार आटोपला. नंतरची कथा मुंबईच्या कुठल्याही गिरणीची असते तशीच.

हिमांशू राय यांच्या नावाचा रस्ता तिथे आहे. देविका राणींना पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. अशोक कुमारांबद्दल तर काही सांगायलाच नको, माझी आई त्यांना 'आपले दादामुनी' म्हणायची, जणू शेजारच्या चाळीत राहतात. पण १९३५ पासून १९३९ पर्यंत या आवारात जे चित्रपट झाले, त्यांतले बहुतेक सगळे, चौदा-पंधरा तरी, एकाच माणसाने दिग्दर्शित केले आणि त्या माणसाचं नाव मालाडमध्ये कुणाच्या तोंडी नाही. फलकही मला तरी कुठे दिसलेला नाही. फ्रान्झ ऑस्टेन हे ते नाव. तो म्युनिकचा होता, त्याला हिंदी येत नव्हतं आणि तो नाझी पक्षाचा सभासद होता.

शेवटचे चार शब्द वाचून आपल्यापैकी कुणी पत्र बाजूला ठेवायच्या बेतात असाल, तर थोडं थांबा. माझं म्हणणं त्या चार शब्दांबद्दलच आहे.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म म्युनिकमध्ये, २३ डिसेंबर १८७६. खरं आडनाव ओस्टरमायर. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर आणि रसायनांच्या वासावर वाढलेलं पोर. १९०७ मध्ये त्याने आणि धाकट्या भावाने, पेटरने, फिरता सिनेमा काढला. आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकून टूरिंग टॉकीज चालवणारे लोक होते ना, जातकुळी तीच. फ्रान्झ पुढे दिग्दर्शक झाला, पेटर निर्माता. पहिल्या महायुद्धानंतर पेटरने म्युनिकजवळ गायझलगास्टाइग इथे 'एमेल्का' ही कंपनी उभी केली. बव्हेरिया नावाचा जो प्रसिद्ध जर्मन स्टुडिओ आहे त्याचं मूळ तेच. गंमत म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक नावाच्या एका इंग्रज पोराने आपला पहिला पुरा चित्रपट १९२५ मध्ये ज्या आवारात केला, ते हेच.

फ्रान्झने मात्र आडनाव कापून 'ऑस्टेन' केलं. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ 'पूर्व'. पूर्वेला जायचं त्याच्या मनात तेव्हा नव्हतं. बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिकच्या भोवतालच्या प्रांताच्या, डोंगराळ खेड्यांतल्या कथा, शेतकरी, शिकारी, चर्च, मानापमान, फसवली गेलेली मुलगी, असे चित्रपट तो करत होता. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे मालाडला त्याने जे खेडं उभं केलं, त्यात चर्चच्या जागी देऊळ आलं आणि शिकाऱ्याच्या जागी सावकार आला, पण मुकाट सोसणारी मुलगी तीच राहिली. 'भारतीय' म्हणून आपण ज्या ग्रामीण मेलोड्रामावर वाढलो, त्याच्या पायात बव्हेरियाची थोडी मातीही आहे, असं माझं मत आहे. कुणाला ते पटणार नाही, त्याला माझी हरकत नाही.

हिमांशू राय म्युनिकला पोचले ते बुद्धाची गोष्ट घेऊन. संहिता निरंजन पाल यांची, म्हणजे लाल-बाल-पाल मधल्या बिपिनचंद्र पाल यांच्या मुलाची. पैसा भारतीय, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मन, असा करार झाला. १९२५ च्या मार्चमध्ये ऑस्टेन बोटीने मुंबई बंदरात उतरला, सोबत मोजकी माणसं, त्यांतच योझेफ व्हिर्शिंग हा तरुण कॅमेरामन. जयपूरच्या महाराजांनी हत्ती-घोडे, पोशाख सगळं पुरवलं. स्टुडिओ नाही, कृत्रिम दिवे नाहीत, उन्हात शूटिंग. 'प्रेम संन्यास' अर्थात 'लाइट ऑफ एशिया'. हिमांशू राय स्वतः गौतम झाले. सुरुवातीला युरोपीय पर्यटक भारत बघताना दिसतात आणि मग एक म्हातारा त्यांना गोष्ट सांगतो. म्हणजे चित्रपट कुणासाठी होता ते पहिल्या रिळातच कळतं. लंडनमध्ये तो महिनोन्‌महिने चालला, विंडसरला राजा पंचम जॉर्जने पाहिला. आपल्याकडे त्याला तसा प्रतिसाद मिळाला नाही.

त्यानंतर १९२८ मध्ये ताजमहालाच्या दंतकथेवरचा 'शिराज' आणि १९२९ मध्ये द्यूताचा 'प्रपंच पाश'. आयुष्यभर मी फिल्म लॅबमध्ये आणि एडिटिंग टेबलाजवळ काढलंय. या दोन चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती पाहताना माझ्यातला कारागीर दर दोन मिनिटांनी उठून बसत होता. 'प्रपंच पाश'मध्ये हजारो माणसं, घोडे, हत्ती, वाघ. गर्दी दाखवणं सोपं, गर्दीत डोळा कुठे ठेवायचा हे प्रेक्षकाला न सांगता कळवणं अवघड. या माणसाला ते येत होतं. फाशांवर सगळं गमावून बसलेल्या राजाचा चेहरा तो इतका शांतपणे धरतो, की मूकपट बघतोय हे विसरायला होतं.

मग बोलपट आले, जर्मनीत हिटलर आला, आणि हिमांशू राय मुंबईत परतले. स्टुडिओ काढायचा तर ओळखीची, कामात पक्की माणसं हवीत म्हणून त्यांनी म्युनिककरांना बोलावलं. दिग्दर्शक ऑस्टेन, कॅमेऱ्यावर व्हिर्शिंग, सेट्सना कार्ल फॉन स्प्रेटी, प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले. ऑस्टेन तेव्हा साठीला आला होता. या वयात आपल्याकडे माणूस वन रूम किचन विकून गावी जायच्या गोष्टी करतो. हा मालाडच्या दमट हवेत हिंदी बोलपट करायला आला.

हिंदी येत नसताना हिंदी बोलपट कसे केले, हा प्रश्न मला लहानपणापासून. उत्तर अर्धं स्टुडिओच्या रचनेत आहे. गोष्ट निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे, शेवटचा शब्द राय यांचा. देविका राणी जर्मनीत शिकून आलेल्या, त्यामुळे मधला पूल त्यांचा. उरलेलं अर्धं उत्तर पडद्यावर दिसतं. शब्द कळत नसलेला दिग्दर्शक चेहऱ्यावर भरवसा ठेवतो. 'जवानी की हवा'पासून पुढे बघत जा : पात्रं कमी बोलतात, हळू बोलतात. त्या काळच्या आपल्या बोलपटांत रंगभूमीवरून आलेली मंडळी शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून खणखणीत बोलत, इथे मात्र नायिका कुजबुजते. भाषा न येण्याचा हा फायदा झाला, असं म्हणायला मी धजतो. अशोक कुमार पुढे हसत सांगत, की ऑस्टेनने आपल्याला पाहताच नापसंत केलं होतं. नायक नजमुल हसन देविका राणींना घेऊन निघून गेला, देविका राणी परत आल्या, तो काही परत उभा राहिला नाही, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या मुलाला राय यांनी पुढे ढकललं. म्हणजे चेहऱ्याची एवढी पारख असलेला माणूस तिथे साफ चुकला. हेही फलकावर लिहा म्हणत नाही, पण मला ते आवडतं.

'जवानी की हवा'वरून आठवलं. त्याचं संगीत खुर्शीद होमजी या पारशी बाईंनी दिलं, सरस्वती देवी या नावाने. त्या आणि त्यांची बहीण सिनेमात आल्या म्हणून मुंबईच्या पारशी समाजातल्या काहींनी १९३५ मध्ये असा गदारोळ केला, की प्रदर्शनाच्या वेळी बंदोबस्त लागला. बाई डगमगल्या नाहीत. फलकावर जागा उरली तर त्यांचंही नाव हवं.

आपल्या मराठी माणसांचा या सगळ्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. लावणीच्या चित्रपटांमुळे जी हंसा वाडकर महाराष्ट्राला ठाऊक आहे, ती त्याआधी १९३९ मध्ये ऑस्टेनच्या 'नवजीवन'मध्ये नायिका होती. लीला चिटणीस, बी. ए. झालेली, मराठी रंगभूमीवरून आलेली बाई, त्याच वर्षी ऑस्टेनच्या 'कंगन'मधून अशोक कुमारांसमोर उभी राहिली आणि देशभर माहीत झाली. आणि १९३७ चा 'इज्जत'! सतराव्या शतकातले मराठे आणि भिल्ल यांच्या वैराची गोष्ट. मालाडच्या फ्लोअरवर, बंगाली कंपनीप्रमुख, बव्हेरियन दिग्दर्शक, आणि पडद्यावर मराठे-भिल्ल. आमच्या पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींनी त्यातल्या पागोट्यांवर काय टीका केली असेल याची कल्पना करून मला हसू येतं.

आता १९३६ कडे येतो.

'अछूत कन्या' त्या वर्षीचा. ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप आणि रेल्वे फाटकावरच्या दुखिया या दलित पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी. साप चावलेल्या मोहनचं, म्हणजे प्रतापच्या वडिलांचं, विष दुखियाने तोंडाने ओढून काढलेलं असतं, तिथून दोन घरांची मैत्री आणि गावाचा जाच सुरू. शेवटी फाटकाशीच कस्तुरी धावत्या गाडीसमोर येऊन जीव देते. देशभर लोक रडले. गाणी अजून म्हटली जातात. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे जाहीर केलं होतं, आणि १९३६ च्या मे महिन्यात दादरला त्यांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. दादर ते मालाड गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. बाबासाहेब विचारत होते, या घरात राहायचंच कशाला? चित्रपट म्हणत होता, बघा, बिचारी मेली. या दोहोंत फार मोठी दरी आहे, आणि 'अस्पृश्यतेवरचा पहिला मोठा हिंदी चित्रपट' असा गौरव करताना ती झाकली जाते. तरीही, थिएटरात शेजारी-शेजारी बसून सवर्ण माणसं एका दलित मुलीसाठी रडली हेही घडलंच. स्टुडिओच्या कँटीनमध्ये सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला जेवत, असंही जुने लोक सांगत आले.

आणि त्याच १९३६ साली ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला.

न्युरेम्बर्गचे कायदे आदल्या सप्टेंबरमध्ये झाले होते. ज्यू आणि जर्मन यांनी लग्न करायचं नाही, हा तिथला कायदा. प्रताप-कस्तुरीने लग्न करायचं नाही, हा इथल्या गावाचा कायदा. एकच माणूस दिवसा दुसऱ्या कायद्याविरुद्धचा चित्रपट काढत होता आणि पहिला कायदा करणाऱ्या पक्षाचं सभासदपत्र बाळगून होता. कारण पोटाचं असो की मनाचं, सही ती सही. तो बर्लिनमध्ये असता तर निदान म्हणता आलं असतं, की धंद्यात टिकायला असं करावं लागतं. तो मालाडला होता हो.

मालाडच्या त्या चित्रपटांत नाझी विचाराचा मागमूस मला दिसत नाही. ते बरोबरच आहे, गोष्टी त्याच्या नव्हत्या. पण म्हणून सभासदत्व खोटं होत नाही. आणि त्याच मुंबईत त्याच वर्षांत कोण कोण येत होतं ते बघा. वाल्टर काउफमान, कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये इथे आला. आकाशवाणीची ती सकाळची धून, जिच्यावर आपल्या पिढीने दात घासले, ती त्याची. विली हास, जर्मन मूकपटांचा नामांकित पटकथाकार, १९३९ मध्ये जीव वाचवून मुंबईत पोचला आणि चित्रपट-निर्माते मोहन भवनानी यांच्या कंपनीसाठी लिहू लागला. जर्मन भाषा बोलणारे, सिनेमाचं काम जाणणारे हे लोक एकाच शहरात : एक पक्षाचा सभासद, दुसरे त्या पक्षाने हुसकावलेले. मुंबईने दोघांनाही काम दिलं. या शहराच्या इतिहासात अशी जागा क्वचित सापडते, आणि आपण तिथे एक पाटी लावलेली नाही.

मी हा विषय मित्रांत काढला तेव्हा दोन पक्ष पडले. एक म्हणाला, नाझीचा कसला फलक लावता, नाव काढू नका. दुसरा म्हणाला, कलाकार होता, तेवढं लिहा, बाकीचं उकरून काय मिळणार? आपल्याकडे माणसाला हार तरी घालतात नाहीतर जोडे तरी मारतात. नुसती नोंद करायची सवय आपल्याला नाही. पहिल्या मित्राला मी म्हटलं, नाव गाळलं तर चौदा-पंधरा चित्रपट आपोआप झाले असं होतं. शिवाय व्हिर्शिंग, झोले ही नावंही त्याच्याबरोबर गळतात, आणि मग बॉम्बे टॉकीज म्हणजे तीन नटांची गोष्ट उरते. दुसऱ्याला म्हटलं, सभासदत्व गाळून लिहिलेला फलक म्हणजे आपण केलेली खोटी साक्ष. दोघंही गप्प झाले, निदान चहा येईपर्यंत.

पुढची कथा थोडक्यात. सप्टेंबर १९३९. 'कंगन'चं काम चालू असताना युद्ध पुकारलं गेलं आणि इंग्रज सरकारने स्टुडिओतल्या जर्मनांना उचललं. त्या काळी असे नजरकैदी ठेवायची मोठी छावणी अहमदनगरला होती, आताच्या अहिल्यानगरला. 'कंगन' मागे राहिलेल्यांनी पुरा केला. ऑस्टेनचं वय तेव्हा बासष्ट. १९४० मध्ये त्याला जर्मनीला जाऊ दिलं. तिथे तो १९४५ पर्यंत बव्हेरिया कंपनीत नटनिवड आणि संग्रह असल्या कामांवर होता. म्हणजे भावाने पाया घातलेल्या आवारातच परत, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत नाही. २ डिसेंबर १९५६ रोजी बाड आयब्लिंग या गावी तो वारला. हिमांशू राय त्याआधीच, मे १९४० मध्ये गेले होते.

व्हिर्शिंगची कथा वेगळी झाली. त्याची नजरकैद लांबली, पण सुटल्यावर तो मुंबईतच राहिला. १९४९ च्या 'महल'मधला तो अंधार, तो झोपाळा, ती सावली त्याच्या कॅमेऱ्याची. 'पाकीजा'चं कामही त्यानेच सुरू केलं आणि १९६७ मध्ये मुंबईतच मरण पावला. एकाच बोटीने आलेले दोघे, एक परत गेला, एक इथला झाला. पॉल झिल्स हा आणखी एक जर्मन, तोही युद्धात नजरकैदी. सुटल्यावर मुंबईत राहून त्याने माहितीपट काढले आणि आपल्याकडच्या माहितीपटवाल्यांची एक पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

बाहेरच्यांनी या वारशाचं काय केलं ते आपल्या कानावर असेलच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'प्रपंच पाश' दुरुस्त केला. नितीन साहनींच्या संगीतासह तो ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उघड्यावर दाखवला गेला, आपल्या स्वातंत्र्याची साठ वर्षं म्हणून. 'शिराज' २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह आला. त्याच वर्षी मेलबर्नच्या संग्रहालयात बॉम्बे टॉकीजवर प्रदर्शन झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्यात, सेरेंडिपिटी महोत्सवात, व्हिर्शिंगने मालाडला काढलेली छायाचित्रं लागली. त्यांत सेटवरच्या कष्टकऱ्यांचेही चेहरे आहेत, नुसते नट नाहीत. लंडन झालं, मेलबर्न झालं, पणजी झाली. मालाडचा नंबर कधी?

मी भव्य काही मागत नाही. पुतळा नको, चौकाला नाव नको, उद्यान तर अजिबात नको. गाळेवाल्यांना हाकलून 'हेरिटेज प्लाझा' उभारण्याचा कुणाचा बेत असेल तर त्याला माझा विरोध समजावा. माझ्या वडिलांनी तिथे तीस वर्षं लेथ चालवला आणि ते कामही त्या जागेच्या इतिहासाचाच भाग आहे. उभं आहे त्याची मोजमापं घ्या, नकाशा काढा, फोटो काढून ठेवा. हे काम आर्किटेक्चरच्या कॉलेजातली मुलं एका सुटीत करतील, त्यांना फक्त आत जायची परवानगी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारून त्या काळचे चित्रपट मालाडच्या एखाद्या पालिकेच्या सभागृहात दाखवा, तिकीट न लावता. आणि फलक लावा, इतपत उंचीवर की कुणी त्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवणार नाही.

मजकूर मी लिहून पाहिला. एडिटिंग करणाऱ्याची खोड, दुसऱ्यावर सोडवत नाही. हवा तसा कापा, पण पाचवं वाक्य कापू नका :

'या आवारात १९३४ साली हिमांशू राय व देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ सुरू केला. लेखक निरंजन पाल, संगीतकार सरस्वती देवी, छायाचित्रकार योझेफ व्हिर्शिंग आणि शेकडो कामगारांनी येथे काम केले. येथील १९३५ ते १९३९ या काळातले बहुतेक चित्रपट म्युनिकच्या फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केले. त्यांत अस्पृश्यतेवरील "अछूत कन्या" (१९३६) आहे. ऑस्टेन त्याच वर्षी नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांना येथून नजरकैदेत नेण्यात आले. स्टुडिओ बंद झाल्यावर या आवारात लहान कारखाने आले व त्यांवर अनेक कुटुंबे जगली.'

मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्हींत हवा. जर्मन वकिलातीला खर्चात वाटा घ्यायला सांगता येईल. पाचवं वाक्य वाचून ते मागे सरकणार नाहीत असा माझा अंदाज आहे, त्या देशाने अशी वाक्यं आपल्याच भिंतींवर आपल्याहून जास्त लिहिली आहेत. गाळेवाल्यांशी बोलायचं काम माझ्याकडे द्या. त्यांतले निम्मे अजून मला 'टर्नरचा मुलगा' म्हणूनच ओळखतात.

कळावे,
आपला,
मालाड (पश्चिम) येथील एक निवृत्त फिल्म-संकलन साहाय्यक

ता. क. : रंगाऱ्याला नाव लिहून देताना कृपया दोनदा तपासा. 'ऑस्टेन' असं लिहायचंय. 'ऑस्टिन' नव्हे, ती मोटार होती.